जावयाच्या मापाचं दार

तनवीरचं डोकं पहिल्यांदा चौकटीला आपटलं तेव्हा घरातले सगळे हसले. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा फक्त शेजारची सकू हसली. तिसऱ्यांदा कुणीच हसलं नाही, आणि चौथ्यांदा आवाज झाला तेव्हा खैरुनबी स्वयंपाकघरातून न विचारताच हळदीची वाटी घेऊन बाहेर आल्या.

लग्नानंतर जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला आला होता आणि कपाळावर दोन टेंगळं घेऊन नाशिकला परत गेला. त्यानंतर तो आलाच नाही.

जव्हारच्या त्या गल्लीतलं घर अब्दुलभाईंच्या वडिलांनी बांधलं होतं. वडील बुटके, आणि त्यांनी गाठलेला सुतार त्यांच्याहून बुटका. दोघांनी मिळून दाराचं माप घेतलं आणि दोघांनाही ते भरपूर उंच वाटलं. अब्दुलभाई आणि खैरुनबी त्या दारातून आयुष्यभर ताठ मानेनं ये-जा करत आले. त्यांची एकुलती एक मुलगी अंजुम त्याच दारातून निकाह होऊन गेली, तीही मान न वाकवता. अडचण झाली ती सहा फूट दोन इंचांच्या तनवीरची.

नाशिक काही फार लांब नाही. मोखाडा, त्र्यंबक करत गाडी तीन तासांत पोचते. अब्दुलभाईंनी तर त्याच रस्त्यावर एसटीत कंडक्टरकी केलेली. पण अंजुम लग्नानंतर एकदाच एकटी येऊन गेली, तीही सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीला. बाकी सगळं फोनवर. सकाळी खैरुनबी फोन चुलीपासून हातभर अंतरावर डब्याला टेकवून ठेवायच्या, तिकडे अंजुम आपला फोन ओट्यावर ठेवायची, आणि मायलेकी आपापला स्वयंपाक करायच्या. बोलणं थोडंच. नाशिकच्या कुकरची शिट्टी झाली की खैरुनबी इकडे म्हणायच्या, "बस कर ग आता, डाळ लगदा होईल."

"कधी येतेस?" हा प्रश्न त्या शेवटी विचारायच्या.

"बघू, अम्मी. दुकानात गर्दी आहे म्हणतात."

तनवीरचं चष्म्याचं दुकान होतं. नाशिकमधल्या एवढ्या लोकांना एकदम कमी कसं दिसायला लागलं, हे खैरुनबींना कळेना. अखेर त्यांनी निष्कर्ष काढला.

"अंजुमचे अब्बा, दुकानबिकान काही नाही. दाराला घाबरतो तो."

अब्दुलभाईंनी दाराकडे पाहिलं. दार तसं निरुपद्रवी दिसत होतं. पण विचार करता त्यांनाही ते पटलं. ज्या घरात शिरताना दर वेळी टाळकं शेकतं, तिथं कोण हौसेनं येईल?

आणि तेवढ्यात अंजुमचा फोन आला. पुढच्या शनिवारी दोघं येणार होते. एक रात्र राहून रविवारी परत.

"दार उंच करायचं," अब्दुलभाईंनी जाहीर केलं.

गवंडी मिळेना. सगळे गवंडी घरकुलांच्या कामावर पाड्यापाड्यांत विखुरलेले. एकानं होळीनंतर येतो म्हणून सांगितलं. अब्दुलभाईंनी शेजारून पहार, छिन्नी आणि घमेलं आणलं, कंडक्टरकीतली जुनी खाकी पँट चढवली आणि स्टूल मांडलं.

"तुम्ही करणार?" खैरुनबी म्हणाल्या. "कॅलेंडरचा खिळा ठोकायला गेलात तेव्हा पलीकडे सकूच्या भिंतीतून बाहेर आला होता."

"भिंत पातळ होती."

मदतीला बुध्या आला. बुध्या जामसरचा. अब्दुलभाईंच्या गाडीवर तो वर्षानुवर्षं ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यापासून आठवड्याच्या बाजाराला आला की अब्दुलभाईंच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला नावं ठेवायचा. त्यानं खाली उभं राहून चौकट नीट न्याहाळली.

"अरं अब्दुल, थांब. ती वरची पट्टी काढशील तं माळा अंगावं येल."

अब्दुलभाईंनी छिन्नी मागे घेतली. खरंच, माळ्याची मोठी तुळई बरोबर चौकटीवर टेकलेली होती. माळ्यावर दोन पेट्या, लग्नातली भांडी, नागलीचं पोतं आणि तीन पिढ्यांच्या गोधड्या.

"मग रे?"

बुध्या विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "याद हाय का, कमानीखाली आपली गाडी अडाकली व्हती? टपावं सामान. कमान काय वर करता येत नव्हती. मी काय केला?"

"चाकातली हवा काढलीस."

"मंग? दार वर जात नाय, तं जमीन खाली घे."

दोघंही या कल्पनेनं इतके खूश झाले की त्यांनी आधी एकेक चहा प्यायला.

उंबरठा निघाला तो सहज. त्याखालच्या दोन शहाबादी फरश्याही निघाल्या. मग माती. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दारात वीतभर खोल, चांगला चौकोनी खड्डा झाला. खैरुनबींनी आत जाताना त्यात उतरून, परत चढून पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेल्या. अब्दुलभाईंनी ती मंजुरी समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुध्यानं म्हटलं, जरा आणखी चार बोटं घेऊ. अब्दुलभाईंनी पहार उचलून मारली आणि खड्ड्यातून पाण्याची धार उडून थेट चौकटीच्या वरच्या पट्टीला लागली.

गल्लीला पाणी पुरवणारा नळ त्यांच्या दाराखालून जात होता. हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ती नेमकी पाणी सुटायची वेळ होती. सकू रिकामा हंडा घेऊन आली.

"चाचा, तुमच्याकडं नळ आला काय? आमच्याकडं टिपूस नाय."

"आला," खड्ड्यात पोटरीभर पाण्यात उभे राहून, दोन्ही हातांनी पाइप दाबून धरत अब्दुलभाई म्हणाले. "आमच्याकडं फारच आला."

बुध्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. तिनं धार थांबली, पण पुढच्या घरांना पाणी जाईना. सगळी गल्ली हंडे-कळश्या घेऊन अब्दुलभाईंच्या दारात उभी राहिली. बुध्या पट्टी सैल करून द्यायचा, हंडा भरला की आवळायचा. अब्दुलभाई सवयीनं रांग लावत होते. "पुढं चला, पुढं चला. मधे थांबू नका." दुसऱ्या दिवशी पाइपाचा नवा तुकडा बसला तेव्हा सकू हळहळली. तिला ही सोय आवडली होती.

पण पाइप तिथंच राहिला तर खड्ड्याचा उपयोग नव्हता. म्हणून तो खाली घ्यावा लागला. तो खाली घ्यायचा म्हणून खड्डा आणखी खणावा लागला. आता दाराची फळी खड्ड्यावर अधांतरी लोंबू लागली आणि खालच्या फटीतून सकूच्या कोंबड्या घरात येऊ लागल्या. एकीनं अंजुमच्या खोलीतल्या नव्या चादरीवर अंडं घातलं. फळीला खालून एक तुकडा ठोकला, तर दार बाहेर उघडेना, ओट्याला अडू लागलं. मग खड्डा आतल्या बाजूला दार फिरेल एवढा वाढवला आणि बिजागऱ्या काढून दार आत उघडेल असं बसवलं. तेही जमलं. तसं दार आता उघडताना बैलगाडीसारखं करकरत होतं, पण उघडत होतं.

"चाचणी घेऊ," अब्दुलभाई म्हणाले.

बुध्याच्या डोक्यावर उलटं पातेलं ठेवलं की त्याची उंची बरोबर तनवीरएवढी व्हायची. खैरुनबींनी बिर्याणीचं पातेलं द्यायला नकार दिला, म्हणून दुधाचं घेतलं. बुध्या पातेलं सांभाळत ओट्यावरून खड्ड्यात उतरला. चौकटीखालून गेला. पातेलं चौकटीला लागलं नाही.

"वा!" अब्दुलभाईंनी टाळी वाजवली.

बुध्यानं खड्ड्यातून खोलीत पाऊल वर टाकलं. टण्ण! पातेलं माळ्याच्या तुळईवर आदळलं आणि गडगडत चुलीपर्यंत गेलं.

तिघंही वर बघत राहिले. अब्दुलभाई रोज तिच्याखालून ताठ मानेनं ये-जा करत असल्यामुळे तुळई कुणाच्या डोक्याला लागेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणजे खोलीपण खाली घ्यायची," ते शांतपणे म्हणाले.

"असंच खणत जा," खैरुनबी म्हणाल्या. "जावई ताठ मानेनं आत येईल, आणि आपण दोघं विहिरीतून हाक मारू, आओ बेटा, बसो."

पण पहार त्यांनीच आणून दिली. दुपारभर त्या घमेलं उचलत राहिल्या. मातीचा ढीग ओट्याच्या कडेला वाढत गेला. एकदा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती लहान असताना इथं या कोपऱ्यात भातुकली मांडायची. याच मातीचे लाडू करून मला खायला लावायची." मग त्यांनी बुध्यालाच रागवून घेतलं, "हात चालवा की!"

शुक्रवारी संध्याकाळी अर्धी खोली खाली गेलेली होती आणि अर्धी वर. पलंग वरच्या अर्ध्यात, टीव्ही खालच्या. बुध्या पाठ धरून जामसरला गेला. अब्दुलभाईंनी हिशेब केला, उद्याची गाडी दुपारी येते. आपण स्टँडवर जाऊ, जावयाला हाताला धरून आणू, दारात थांबवून सांगू, इथं जपून उतरा. दाराची उंची पाहून तो खूश होईल. बाकी काम सावकाश.

शनिवारी ते वेळेआधी स्टँडवर जाऊन उभे राहिले. गाडी आली. अंजुम तिच्यातून उतरली नाही.

कारण तनवीरला एका मित्राची मोटार मिळाली होती. ती गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा अब्दुलभाई स्टँडवर होते आणि खैरुनबी आत मटणाला फोडणी देत होत्या.

"सलाम, अम्मी!" तनवीरनं बाहेरून हाक दिली. चौकट त्याला चांगली लक्षात होती. या वेळी तो गाफील राहणार नव्हता. त्यानं मान छातीपर्यंत खाली घातली, पाठ वाकवली, दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं, आणि जिथं पूर्वी उंबरठा होता तिथं विश्वासानं पाऊल टाकलं.

खैरुनबींना आधी धप्प असा आवाज आला. मग किंचाळी. मग तनवीर घाबरून वरच्या अर्ध्या खोलीत चढून एकदम उभा राहिला, आणि तुळईवर डोकं आपटल्याचा टण्ण असा ओळखीचा आवाज आला. त्या हळदीची वाटी घेऊन धावल्या.

अब्दुलभाई परत आले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि खड्ड्यात जावयाचा एक बूट पडलेला होता. सकूनं सांगितलं, "सगळी दवाखान्यात गेली. पाय मोडला म्हणतात. दार मात्र चांगलं उंच झालं हां, चाचा."

घोट्याच्या हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. तीन आठवडे पाय टेकवायचा नाही, प्रवास नाही, गाडीचे धक्के तर मुळीच नाहीत.

"या अल्ला! तीन आठवडे!" खैरुनबी कळवळून म्हणाल्या.

त्या खरंच कळवळल्या होत्या. पण रात्रीच्या जेवणासाठी चौघांचे तांदूळ निवडताना त्या गुणगुणत होत्या. अब्दुलभाईंनी ते ऐकलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्यांच्याकडे. त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं अब्दुलभाईंच्या लक्षात आलं की आता आपण गुणगुणतोय.

मित्र येऊन आपली मोटार घेऊन गेला. घर भरलं. सकाळी फोन डब्याला टेकवावा लागत नव्हता. अंजुम समोरच बसून कांदा चिरायची आणि दोघी मनसोक्त भांडायच्या, मिठावरून, तेलावरून, कुकरच्या शिट्ट्यांवरून. खैरुनबी मधेच काम थांबवून तिच्याकडे नुसत्या बघत बसायच्या. "काय झालं, अम्मी?" "काही नाही. कांदा लागला डोळ्याला." कांदा त्यांच्यापासून चांगला लांब असायचा.

तनवीर वरच्या अर्ध्या खोलीत पलंगावर पाय उशीवर ठेवून पडलेला असायचा. शांत मुलगा. तक्रार म्हणून नाही. खालच्या अर्ध्यात अब्दुलभाई आणि बुध्या जमीन सपाट करायचे आणि तो पलंगावरून एक डोळा मिटून सांगायचा, "डावीकडं उतार आहे, अब्बा." चष्मेवाल्याची नजर होती, चुकायची नाही. हळूहळू खोली एका पातळीत आली. बुध्यानं बाजारातून त्याच्यासाठी बोरं आणली आणि सूर्यमाळच्या घाटात ब्रेक लागले नाहीत तेव्हाची गोष्ट सांगितली. ती अब्दुलभाईंनी शंभरदा ऐकली होती. दर वेळी घाट वाढायचा.

एका दुपारी बुध्या गेल्यावर अब्दुलभाई पलंगाशेजारी येऊन बसले. बराच वेळ टोपीच्या शिवणीशी चाळा करत राहिले.

"तनवीरमियाँ, मला माफ करा. हे दार मी आधीच नीट करायला हवं होतं. या दारापायी तुम्ही इतके दिवस यायचं टाळलंत."

"दारापायी?" तनवीर उठून बसला. "अब्बा, माझं डोकं घरीसुद्धा पंख्याला लागतं. दुकानाच्या शटरला रोज लागतं. मी त्याचा काय राग धरणार?"

"मग आला का नाहीत?"

तनवीरनं दाराकडे पाहिलं. अंजुम दारात येऊन उभी राहिली होती. तिनं नवऱ्याकडे पाहून मान हलवली, सांगू नकोस म्हणून की सांगून टाक म्हणून, ते कळलं नाही. त्यानं सांगून टाकलं.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी पहिल्यांदा आलो ना, त्या दिवशी पाण्याचा पेला अजून हातातच होता, तेव्हा तुम्ही विचारलंत, परतीची गाडी कुठली धरणार? जेवताना विचारलंत. झोपताना म्हणालात, सकाळची लवकरची बरी. मी उठायच्या आत तुम्ही स्टँडवर जाऊन जागा धरून आलात. मला वाटलं घर लहान आहे, अडचण होतेय. बोलता येत नसेल त्यांना."

अब्दुलभाईंचं तोंड उघडं राहिलं.

"मी... मी तर खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून... घाटात मागच्या सीटवर उलट्या होतात. पाहुण्याला उभ्यानं जावं लागू नये..."

स्वयंपाकघरात उलथनं खाली पडल्याचा आवाज झाला. खैरुनबी बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे, मग एक फूट खाली गेलेल्या आपल्या घराकडे पाहिलं.

"सगळं घर खणलंत," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं तोंड मिटून बसला असतात तरी भागलं असतं."

अंजुमला हसू फुटलं. ती हसता हसता खालीच बसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "मलाही तसंच वाटायचं, अब्बा. मी आले त्या दिवशी तुम्ही चार वाजल्यापासून घड्याळ बघत होता."

"संध्याकाळची पाचची गाडी चुकली असती तुझी," अब्दुलभाई हळू आवाजात म्हणाले. "मी घड्याळ बघत होतो कारण... चार वाजले होते ना. अजून पाच वाजायचे होते. तेवढा वेळ तू होतीस."

करपल्याचा वास आला तेव्हा खैरुनबी आत पळाल्या.

त्या दिवसापासून अब्दुलभाईंनी गाडी हा शब्द टाकला. प्लॅस्टर निघालं, तरी त्यांनी विचारलं नाही. तनवीर काठी घेऊन ओट्यापर्यंत चालू लागला, मग काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत, तरी नाही. तो ताठ मानेनं नव्या दारातून ये-जा करताना दिसला की अब्दुलभाईंना आनंद व्हायचा आणि लगेच आठवायचं, पाय बरा झाला म्हणजे तो जाणार. नाशिकहून दुकानातल्या माणसाचे फोन येऊ लागले. तनवीर बोलताना बाहेर जायचा. घरातलं बोलणं कमी झालं. जो तो जायचा विषय दुसऱ्यानं काढावा म्हणून वाट पाहत होता.

शेवटी अंजुमनंच काढला. रविवारी सकाळी तिनं पिशवी भरली. खैरुनबींनी लोणच्याची बरणी, तांदळाचं पीठ आणि नागलीचे पापड तिच्यात कोंबले. पिशवी मिटेना. त्यांना त्याचं बरं वाटलं.

"अब्बा," अंजुम म्हणाली, "नाशिकच्या गाडीचं जरा बघून येता? यांच्या पायाला जागा मिळायला पाहिजे."

अब्दुलभाईंनी टोपी घातली आणि निघाले.

गाडी फलाटाला लागलेलीच होती. दारातल्या तरुण कंडक्टरनं त्यांना ओळखलं. "या चाचा! किती जागा पाहिजेत? खिडकीजवळची देतो. आज गाडी रिकामीच आहे." अब्दुलभाईंनी वाकून आत पाहिलं. पुढे दोन बायका, मागे कोंबडीची टोपली घेऊन एक म्हातारा. बाकी सगळ्या सीटांवर सकाळचं ऊन पडलेलं. खिडकीजवळची ती पुढची सीट, पाय लांब करता येईल अशी, अगदी मोकळी होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले.

घरी आले तेव्हा सगळे तयार होते. तनवीरनं बूट घातले होते.

"काय, अब्बा?"

अब्दुलभाईंनी टोपी काढून खुंटीला लावली.

"गाडीत जागा नाही," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "खच्चून भरलीय. पाय ठेवायला जागा नाही."

खैरुनबींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग घाईनं पदर सावरून स्वयंपाकघरात गेल्या. डब्यातून तांदूळ मापल्याचा आवाज आला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मोखाड्याकडे निघालेली नाशिकची गाडी वळणावर हळू झाली. तनवीर दारात उभा होता. तिथून ती पुरी दिसत होती, एकेक खिडकी, आणि खिडकीपलीकडची खिडकी, आणि त्यातून पलीकडचं आभाळ.

गाडी गेली. तनवीर चौकटीला हात टेकून थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"खरंय, अब्बा," तो म्हणाला. "फारच गर्दी आहे."

आणि खाली बसून तो बुटांच्या नाड्या सोडू लागला.